कीटकांची गणनावे पाठ करू नका, शेवटाकडून फोडा

कोलिऑप्टेरा, डिप्टेरा, लेपिडोप्टेरा ही कीटकांच्या गणांची, म्हणजे मोठ्या गटांची, नावं घोकत बसण्यापेक्षा शेवटचं 'प्टेरा' बाजूला काढा. ग्रीकमध्ये 'प्टेरॉन' म्हणजे पंख. हेलिकॉप्टरमधलं 'प्टर' तेच आहे. आता नावाचा पुढचा भाग एवढंच सांगतो, की पंख कसा आहे.

'कोलिओस' म्हणजे म्यान. हुमणीचा भुंगेरा हातात घेऊन बघा: पाठीवरची टणक झाकणं हे त्याचे पुढचे पंख, आणि उडायचे पातळ पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले. 'लेपिस' म्हणजे खवला. फुलपाखराला धरल्यावर बोटांना लागणारी पूड म्हणजे ते खवलेच. 'हायमेन' म्हणजे पातळ पडदा, म्हणून मधमाश्या आणि गांधीलमाश्या हायमेनोप्टेरात. 'डि' म्हणजे दोन. घरमाशीला उडायचे पंख दोनच असतात. मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या बारीक गुंड्या उरल्यात. त्यामुळे मधमाशी नावाने माशी असली तरी चार पंखांची, म्हणून डिप्टेरात बसत नाही. परीक्षेत नेमकं इथेच गुण जातात.

'हेमी' म्हणजे अर्धा, त्यावरून हेमिप्टेरा. कपाशीवरच्या लाल ढेकणाचा पुढचा पंख बुडाशी जाड, टोकाला पातळ असतो. पण पिकांवरचा मावा हा बारीक कीटकही याच गणातला आणि त्याचे पंख, असलेच तर, सगळेच पातळ. अंथरुणातल्या ढेकणाला तर उडण्याजोगे पंखच नाहीत. म्हणून नावावरून अंदाज बांधा, पण ओळख पक्की करताना सोंडेसारखं टोचून रस शोषणारं तोंड तपासा.