लेसर कटिंगसाठी कापड निवडताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती नावावर विसंबून कापड उचलण्याची चूक. साटन हे विणीचं नाव आहे, धाग्याचं नव्हे. साटन रेशमाचं असतं, तसंच पॉलिएस्टरचंही. मखमलीचीही तीच गत. लेसरला फक्त धागा कळतो. पॉलिएस्टर साधारण २६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि कड जागच्या जागी बंद होते. सुती कापड वितळत नाही, जळतं. कड तपकिरी पडते आणि पुढे धागे सुटतात ते सुटतातच.

म्हणून आधी कडेचे दोन-चार धागे उसवून चिमट्यात धरा आणि काडी लावा. कागद जळल्याचा वास, मऊ राख: सुती. धागा ज्योतीपासून आक्रसला आणि गार झाल्यावर टोकाला कडक मणी लागला, तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर किंवा रेशीम. उभा आणि आडवा, दोन्ही धागे तपासा. कधीकधी उभा सुती असतो नि आडवा पॉलिएस्टरचा, मग एकाच तुकड्याच्या दोन कडा दोन तऱ्हांच्या निघतात.

रेक्झीनच्या बाबतीत मात्र प्रयोग नकोत. त्यावर बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकचा लेप असतो. तो जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो; छातीला घातक, आणि दमट हवेत त्याचं आम्ल होऊन मशीनचे रूळ गंजतात. शंका असेल तर उघड्या हवेत तांब्याची तार लालबुंद करून लेपाला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की ते कापड बाजूला ठेवा.

पांढऱ्या सुती कापडाची कड फार करपते तेव्हा बहुतेक जण वेग तसाच ठेवून नुसती पॉवर कमी करतात. मग कापड अर्धवट कापलं जातं आणि त्याच रेषेवरून दुसरा फेरा मारावा लागतो, म्हणजे करपणं दुप्पट. पॉवर पुरेशी ठेवून वेग वाढवा. निळा प्रकाश सोडणाऱ्या डायोड लेसरवर पांढरं कापड मुळातच नीट कापलं जात नाही, कारण पांढरा रंग तो प्रकाश परतवतो. तिथे दोष सेटिंगचा नसतो.

थर रचण्याचा मोहही आवरा. वेळ वाचवायला मी एकदा पॉलिएस्टर साटनचे चार थर एकावर एक ठेवून पाकळ्या कापल्या. चारही थर कडेने वितळून चिकटले, एकेक पाकळी म्हणजे बंद पाकीट! ब्लेडने सोडवायला गेलो, तर बंद झालेली कडच फाटत गेली.