धाप आजाराची की भीतीची?

कोविडमध्ये रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्क्यांवर आलेला रुग्ण निवांत गप्पा मारत असायचा आणि ९८ वाला रात्रभर खिडकीपाशी श्वास ओढत बसायचा. म्हणून अशा साथीत धोक्याचा अंदाज नुसत्या मनावर सोडू नये.

आधी पाच मिनिटं स्वस्थ बसा. हात गार असतील तर चोळून ऊब आणा, नेलपॉलिश काढा. ऑक्सिमीटर (हा ऑक्सिजन मोजणारं छोटं यंत्र) बोटाला लावून हात हलू न देता आकडा स्थिरावेपर्यंत, निदान अर्धा मिनिट, थांबा. लावल्या लावल्या झळकलेला आकडा खरा धरणं ही नेहमीची चूक. सावळ्या त्वचेवर यंत्र किंचित जास्त दाखवू शकतं, तेव्हा दिवसभरात आकडा उतरतोय का ते बघा.

९४ किंवा जास्त असेल तर घरातच सपाट फरशीवर ६ मिनिटं चाला, साठीपुढच्यांनी ३. पुन्हा मोजा. ९३ च्या खाली गेला, ३ पेक्षा जास्त अंकांनी घसरला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना गाठा. बसल्या जागीच ९४ च्या खाली असेल तर चालून बघत बसू नका, रुग्णालयात जा. दमेकऱ्यांनीही ही चाचणी करू नये.

आकडा चांगला, तरी धडधड आणि बोटांत, ओठांभोवती मुंग्या? भराभर श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्याच्या या मुंग्या. ‘खोल श्वास घे’ असं घरचे सांगतात आणि त्यानं त्या वाढतातच. नाकानं ४ आकडे मोजत हळू श्वास घ्या, ६ मोजत सोडा, ५ मिनिटं. कागदी पिशवीत श्वास घेऊ नका: धाप भीतीचीच आहे हा अंदाज चुकला असेल तर ऑक्सिजन आणखी उतरेल. छातीत दुखत असेल तर ते भीतीच्या खात्यावर टाकू नका.

भीती बातम्यांमुळे वाटत असेल, तर त्यांतला ‘एकूण रुग्ण’ हा आकडा कधी कमी होतच नाही. तो सोडून द्या. रविवारी चाचण्या कमी होतात, म्हणून सोमवारी साथ ओसरल्यासारखी वाटते. मृत्यूंचा आकडा संसर्गाच्या काही आठवडे मागून येतो. १०० चाचण्यांमागे किती बाधित, याची सात दिवसांची सरासरी बघा. दिवसातून एकदाच, झोपण्याआधी नको.

एवढं करूनही काळजी हटत नसेल तर जीएडी-७ ही काळजी किती आहे ते मोजणारी प्रश्नावली भरा. मागच्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण. रोज भरण्यात अर्थ नाही. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांशी बोला. यात जीव देण्याच्या विचारांबद्दल प्रश्नच नाही; तसे विचार येत असतील तर बेरीज कितीही येवो, घरातल्या कुणाला तरी लगेच सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो.