वळणावर रुळावरून उतरणारा डबा: माझा अनुभव

माझ्या मॉडेल रेल्वेसाठी सनबोर्डचा निळा आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या नमुन्याचा) डबा मी घरीच बनवला. एचओ म्हणजे मॉडेल रेल्वेतलं १:८७ प्रमाण, त्यामुळे २१.३ मीटरचा डबा साधारण २४.५ सेंमी झाला. दिसायला देखणा, पण प्लायवूडवर मांडलेल्या रुळांच्या वळणावर दर फेरीला मागची बोगी (डब्याखालची चाकांची चौकट) उतरायची. आठवडाभर मी रुळालाच दोष देत होतो.

मग डबा काट्यावर ठेवला: जेमतेम ७० ग्रॅम! अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे छांदिष्टांच्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे एवढ्या लांबीला १६५ ग्रॅमच्या आसपास वजन हवं. लोखंडी वॉशर बोगीच्या वर, अगदी तळाला फेविबॉन्डने चिकटवले. वजन छताजवळ गेलं तर डबा कलंडतो.

तरीही अधूनमधून उतरायचाच. खरी गोम बोग्या डब्याला जोडणाऱ्या स्क्रूत होती. दोन्ही बोग्या मी सारख्याच घट्ट आवळल्या होत्या, म्हणून रूळ जरा वाकडा आला की एक चाक हवेत. आता पुढची बोगी फक्त वळते. मागच्या बोगीचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला, त्यामुळे ती डावी-उजवीकडे किंचित डुलतेही. तीन पायांचं स्टूल कुठेही नीट बसतं, तसंच.

काल सलग ४० फेऱ्या झाल्या. एकदाही उतरला नाही.