लावून ठेवायचं की धुऊन टाकायचं?

दिवाळीच्या सुट्टीत लेक घरी आली की दुपारी माझ्यासोबत दुकानात बसते. यंदा तिनं मोबाईलवर हार्मोन बिघडवणाऱ्या रसायनांची कसलीशी यादी वाचली, रॅककडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "आई, तू तर विषाचं दुकान मांडलंयस."

माझं कटलरीचं दुकान आहे. टिकल्या, बांगड्या, पावडर, क्रीम, शांपू, अगरबत्ती. बावीस वर्षं झाली. राग आलाच. पण बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतली होती, ती कुठेतरी जागी झाली. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा शिवणाच्या डब्यातलं भिंग काढलं आणि एकेक बाटली उलटी करून वाचत बसले.

काही रसायनं शरीरात गेली की हार्मोनची नक्कल करतात, काही खऱ्या हार्मोनची वाट अडवतात. पोटुशी बाई, तान्हं बाळ आणि वयात येणारी मुलं, यांनी जास्त जपायचं. पॅराबेन (क्रीम-शांपू टिकवणारं), थॅलेट (अत्तरात आणि प्लॅस्टिक मऊ करायला घालतात ते), बीपीए (कडक प्लॅस्टिकमधलं) ही मंडळी लघवीवाटे एक-दोन दिवसांत निघूनही जातात. मग अडतं कुठे? आपण रोज नव्यानं लावतो तिथे. कॅलिफोर्नियात सॅलिनास खोऱ्यातल्या १०० मुलींना संशोधकांनी तीन दिवस फक्त 'हे-हे नाही' असं लेबल असलेल्या वस्तू वापरायला दिल्या. अभ्यास २०१६ साली छापून आला. लघवीतलं मिथाइल पॅराबेन सरासरी ४४ टक्क्यांनी उतरलं, अत्तरातल्या थॅलेटची खूण २७ टक्क्यांनी. गंमत म्हणजे दोन पॅराबेन उलट वाढले! म्हणून 'फ्री' लिहिलेल्या डबीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही.

घरातलं सगळं एका दिवसात फेकू नका. एकच प्रश्न विचारा: हे अंगावर राहणार की धुऊन जाणार? क्रीम, बॉडी लोशन, डिओ, वासाचं तेल दिवसभर अंगावर राहतं, आधी तिकडे बघा. साबण-शांपू मिनिटभराचे पाहुणे, ते संपले की बदला. युरोपातला नियमही याच अंगानं जातो. तीन वर्षांखालच्या बाळाच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या क्रीममध्ये प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेन चालत नाही.

आता बाटली उलटी करा. भिंग नसेल तर मोबाईलनं फोटो काढून मोठा करा. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे जाते, पण एक टक्क्याखालचे घटक कुठल्याही क्रमानं लिहायची मुभा असते. आपण शोधतोय ती रसायनं बहुतेक तिथेच, शेपटाशी सापडतात. 'पॅराबेन'नं संपणारं नाव दिसलं की त्याच्या आधीचा शब्द वाचा. मिथाइल, इथाइल त्यातले सौम्य. प्रोपिल, ब्युटिल असेल तर मी दुसरी बाटली काढते. आयसोप्रोपिल आणि आयसोब्युटिलवर युरोपात २०१४ पासून बंदीच आहे. सनस्क्रीनवर ऑक्सिबेन्झोन किंवा बेन्झोफेनोन-३ दिसलं तर झिंक ऑक्साइडवालं मागा, सनस्क्रीन लावणं मात्र सोडू नका. 'जंतुनाशक' साबणात ट्रायक्लोसान बघा. अमेरिकेत २०१६ साली ते हात धुण्याच्या साबणातून काढायला लावलं, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहे हे कंपन्यांना दाखवता आलं नाही.

थॅलेट हा शब्द मात्र लेबलवर क्वचितच सापडेल. तो 'परफ्युम' नाहीतर 'फ्रॅग्रन्स' या एका शब्दाच्या पोटात असतो. आमच्या धंद्यात डीईपी हे त्यातल्याच एका थॅलेटचं नाव कुणी लपवत नाही. अगरबत्तीचा सेंट पातळ करायला ते वापरतात, स्वस्त अत्तरातही. अगरबत्ती बंद करा असं मी कुठल्या तोंडानं सांगू? एक काडी लावा, खिडकी उघडी ठेवा. देव वासाचा हिशेब ठेवत नाही.

घरी केलेलं म्हणजे निर्धोक, असंही नाही. ते मी करून बसलेय. कोरफडीचा गर काढून बाटलीत भरला, पॅराबेनबिराबेन काही नाही म्हणून मिरवलं, आणि ऐन श्रावणात त्यावर काळे ठिपके! पॅराबेन मुळात घालतात ते बुरशी लागू नये म्हणून. तेव्हा घरचा गर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. टिकलीनं कपाळावर पांढरा डाग पडतो म्हणून विचारतात, त्यात दोष बऱ्याचदा गोंदातल्या रसायनाचा. टिकली थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

स्वयंपाकघरात एवढंच: गरम आणि तेलकट पदार्थ प्लॅस्टिकला लागू द्यायचा नाही. चहाचं पार्सल पिशवीतून आणू नका, किटली न्या. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. ३ म्हणजे पीव्हीसी, त्यात थॅलेट असू शकतं; ७ मध्ये बीपीएपासून बनणारं पॉलिकार्बोनेट असू शकतं. दोन्हींत गरम काही नको. आकडा कुठलाही असला तरी प्लॅस्टिकचा डबा मायक्रोवेव्हमध्ये नको. जेवणाच्या टेबलावरच्या मऊ प्लॅस्टिकच्या कापडातलं थॅलेट धुळीत उतरतं, म्हणून धूळ झटकू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

राहिलं बिल, ज्याचा विचार मी कधी केलाच नव्हता. बिलावर नखानं ओरखडा काढा. काळी रेघ उठली तर तो थर्मल कागद. त्याच्या लेपात बऱ्याचदा बीपीए असतं, किंवा 'बीपीए फ्री' म्हणून त्याचंच भावंड बीपीएस. मी दिवसाला शंभरेक बिलं फाडते. कोरोनापासून काउंटरवर सॅनिटायझरही आहे. हात ओले करायचे आणि लगेच बिल फाडायचं, हीच सवय. अमेरिकेत मिसुरीतल्या संशोधकांनी २०१४ साली नेमकं हेच करून बघितलं. सॅनिटायझर लावलेल्या हातानं पावती धरली की बीपीए कितीतरी जास्त प्रमाणात अंगात जातं. आता मी हात साबणानं धुते, पुरते कोरडे करते, मगच मशीनला हात लावते. "वहिनी, बिल मोबाईलवर टाकू का?" असं आधी विचारते. जुनी बिलं पर्समध्ये साठवू नका, मुलांना खेळायला तर अजिबात देऊ नका.

जायच्या दिवशी लेकीची बॅग भरताना तिच्या कपड्यांत बॉडी मिस्टची बाटली निघाली. मी काही न बोलता भिंग पुढे केलं. तिनं वाचलं, हसली. "एवढं राहू दे ना गं." शेवटी तडजोड झाली. फवारा मानेवर नाही, ओढणीच्या टोकावर.