सॅटचा फॉर्म भरताय? आधी पासपोर्ट काढून समोर ठेवा

सॅट, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. तिचा फॉर्म भरायला फार तर अर्धा-पाऊण तास लागतो, पण तो कधी भरला आणि त्यात नाव कसं टाकलं यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी हे बघा की तुम्हाला हव्या असलेल्या कॉलेजला सॅट लागते का. कोविडमध्ये बऱ्याच कॉलेजांनी ती ऐच्छिक केली होती, मग एमआयटीने 2022 मध्ये परत कंपल्सरी केली, 2024 मध्ये डार्टमाउथ, हार्वर्ड, कॅलटेक यांनीही तेच जाहीर केलं, आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया मात्र ॲडमिशन देताना स्कोअर बघतच नाही. त्यामुळे मैत्रीण देतेय म्हणून मीपण देते असं करू नका, प्रत्येक कॉलेजच्या साइटवर जाऊन तुमच्या वर्षाचा नियम वाचा.

मग तारीख. परीक्षा साधारण ऑगस्ट ते डिसेंबर आणि नंतर मार्च, मे, जूनमध्ये असते. रजिस्ट्रेशन परीक्षेच्या दोनेक आठवडे आधी बंद होतं, पण त्या शेवटच्या तारखेच्या भरवशावर अजिबात राहू नका, कारण जवळची सेंटर्स त्याच्या कितीतरी आधी फुल होतात आणि मग पहाटे उठून लांबच्या गावी जायची वेळ येते. दोन-तीन महिने आधी फॉर्म भरलेला बरा. बऱ्याच कॉलेजांची अर्ली डेडलाइन, म्हणजे लवकर अर्ज करणाऱ्यांसाठीची शेवटची तारीख, 1 नोव्हेंबरच्या आसपास असते, म्हणजे ऑक्टोबरची परीक्षा हा दुसरा प्रयत्न असायला हवा, पहिला नाही.

आता अकाउंट. सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या साइटवर स्वतःचा ईमेल वापरून काढा, शाळेचा नको (पास झाल्यावर तो बंद होऊ शकतो) आणि क्लासवाल्यांचा तर नकोच. आधी एपी (शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेज पातळीच्या परीक्षा) किंवा पीएसएटी (सॅटच्या आधीची सरावासारखी परीक्षा) यांच्यासाठी अकाउंट काढलेलं असेल तर तेच वापरा, दोन अकाउंट झाली की स्कोअर दोन ठिकाणी विखुरतात आणि मग निस्तरत बसावं लागतं.

नाव, इथे मात्र थांबा आणि घाई करू नका. परीक्षेच्या दिवशी जे ओळखपत्र दाखवणार त्यावरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळलंच पाहिजे, आणि भारतातून देणाऱ्यांसाठी पासपोर्ट सगळ्यात बिनघोर. घोळ कुठे होतो, तर मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, मार्कशीटवर स्पेलिंगमध्ये एक ए आणि पासपोर्टवर दोन, कुठे वडिलांचं नाव पूर्ण तर कुठे नुसतं अक्षर. त्यामुळे आठवणीतून टाइप करू नका, एकाने पासपोर्ट हातात धरून एकेक अक्षर वाचायचं आणि दुसऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवून ताडून बघायचं. जन्मतारीखही तशीच तपासा. पासपोर्टची मुदत परीक्षेच्या दिवसापर्यंत आहे ना तेही लगे हात बघून घ्या. तिथे ओरिजिनलच लागतो, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही.

फोटो एकट्याचा, चेहरा स्पष्ट दिसणारा हवा, गॉगल-टोपी नको, ग्रुप फोटोतून कापलेला तर नकोच. मध्ये तुमच्या आवडीनिवडी, पुढचे प्लॅन असे बरेच प्रश्न येतात, त्यातले बहुतेक ऐच्छिक असतात, सोडून दिले तरी स्कोअरवर काही परिणाम होत नाही.

फी डॉलरमध्ये आणि कार्डाने भरायची. 2024-25 मध्ये ती 68 डॉलर होती आणि अमेरिकेबाहेर देणाऱ्यांना वर 43 डॉलर, तर पेमेंटच्या आधी कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू आहेत का ते बघा. फी माफी आहे, पण ती कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या, अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा अमेरिकेचं नागरिकत्व असलेल्या मुलांसाठी.

ही परीक्षा आता ब्लूबुक नावाच्या ॲपवर होते. विंडोज किंवा मॅक लॅपटॉप चालतो, आयपॅड चालतो, क्रोमबुक फक्त शाळेने दिलेलं, मोबाइलवर देता येत नाही. लॅपटॉप नसेल तर कॉलेज बोर्डकडे उसना मागता येतो, पण रजिस्ट्रेशन करून परीक्षेच्या निदान 30 दिवस आधी. आणि ज्यांना दिसण्या-ऐकण्याचा त्रास आहे किंवा डिस्लेक्सियासारखं काही आहे आणि जादा वेळ हवाय, त्यांनी तर सगळ्यात आधी शाळेतल्या कौन्सेलरला गाठा, कारण त्या मंजुरीला सात आठवडेसुद्धा लागू शकतात आणि हा तुमचा हक्क आहे, कृपया संकोच करू नका. पालकांनो, तुम्हीही यात मागे राहू नका.

फॉर्म भरला म्हणजे संपलं असं नाही. परीक्षेच्या पाच दिवस आधीपासून ब्लूबुकमध्ये एक्झाम सेटअप करता येतो, तो झाल्यावरच ॲडमिशन टिकिट (परीक्षेचं हॉल तिकीट) मिळतं, आणि हे आदल्या रात्रीवर ढकलू नका, ॲपला अपडेट लागलं आणि नेट गेलं की उगाच धावपळ. टिकिटावर जी वेळ असेल त्याच्या आधी पोचा, दार बंद झाल्यावर आत घेत नाहीत.

आणि परीक्षा झाल्यावर नऊ दिवसांपर्यंत चार कॉलेजांना स्कोअर फुकट पाठवायची सोय असते, त्यानंतर प्रत्येक कॉलेजचे पैसे पडतात. पण त्या नऊ दिवसांत स्कोअर कळलेला नसतो, म्हणून पहिल्याच प्रयत्नाला असाल तर माझं ऐकाल तर न पाठवलेलाच बरा.