उन्हातल्या फोटोत कपाळ चमकतंय? डार्कन मोड वापरा

मे महिन्यात सोलापुरात लग्नाचे फोटो काढले की नवरा-नवरीचं कपाळ, नाक घामाने इतकं चमकतं की स्किन स्मूथ करूनही ते पांढरे डाग जात नाहीत, उलट चेहरा प्लास्टिकचा दिसायला लागतो. ब्लरच्या नादी लागूच नका, फोटोशॉपमध्ये हे करा:

१. फोटोच्या वर नवीन रिकामा लेयर (पारदर्शक थर) घ्या, ब्लेंड मोड (हा थर खालच्या फोटोत कसा मिसळतो ते) नॉर्मलवरून डार्कन करा.

२. सॉफ्ट ब्रश, ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) १०-१५ टक्के. ऑल्ट दाबून चमकेच्या अगदी शेजारच्या स्किनवर क्लिक करा, तिथला रंग ब्रशला येतो.

३. आता चमकेवर हळूहळू फिरवा. डार्कनमुळे त्या रंगापेक्षा उजळ भागच दबतो, भुवया आणि केसांना धक्का लागत नाही, त्यामुळे सिलेक्शन करत बसायची गरजच नाही. कपाळाचा रंग गालाला मात्र लावू नका, दर वेळी जवळचाच रंग उचला, हळदीच्या फोटोत तर हे पाळाच कारण एकाच चेहऱ्यावर पिवळा आणि सावळा दोन्ही असतं.

४. शेवटी लेयरची ओपॅसिटी थोडी उतरवा. थोडी चमक राहू द्या, तीच चेहऱ्याला उठाव देते.

गिंप वापरत असाल (फोटोशॉपसारखंच सॉफ्टवेअर, फुकट आहे, चांगलं आहे) तर मोडचं नाव डार्कन ओन्ली, आणि रंग उचलायला ऑल्टऐवजी कंट्रोल.

एक सांभाळा, नथीचे मोती, मुंडावळ्या आणि डोळ्यातला पांढरा ठिपका यांच्यावर ब्रश जाऊ देऊ नका, तेही उजळच असतात, लगेच मळकट होतात.