साखरेचं वेबिल

बेस्टमध्ये कंडक्टर होतो तेव्हा वेबिल भरल्याशिवाय ड्युटी संपत नसे. फेरी कोणती, तिकिटाचा नंबर कुठून कुठे गेला, रोकड किती. डेपोत हिशेब जुळला नाही तर घोळ कुठल्या फेरीत झाला ते त्या कागदावरच सापडायचं. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना मला डायबेटिस निघाला. डॉक्टर म्हणाले, "भात कमी करा," आणि पुढचा पेशंट आत आला. कमी म्हणजे किती? ते मला शेवटी वहीने शिकवलं. वही मी वेबिलासारखीच आखली होती. तुम्हालाही एक आठवडा हे करून बघता येईल.

दोनशेपानी वही घ्या. रकाने असे: तारीख, काय आणि किती खाल्लं, जेवणाआधीची साखर, दोन तासांनंतरची साखर, चढ, शेरा. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. नंतरच्या आकड्यातून आधीचा वजा केला की चढ मिळतो, आणि सगळा धडा त्या रकान्यात आहे. नुसती उपाशीपोटीची साखर बघत बसलात तर कुठलं जेवण नडतंय ते कधीच कळत नाही.

घरी साखर मोजायच्या मीटरच्या पट्ट्या महाग असतात, म्हणून रोज एकच जोडी घ्या: आज नाश्ता, उद्या दुपारचं जेवण, परवा रात्रीचं. आठवड्याला 14 पट्ट्या पुरतात. तपासण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करा. मी एकदा हापूस कापून तसाच बसलो आणि मीटरवर 290 आले. हात धुऊन पुन्हा घेतली तर 164. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा, दुखतं कमी. आणि मुंबईच्या पावसाळ्यात पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने पट्ट्या बिघडतात.

आता माझी दोन पानं सांगतो. दुपारी दोन वाट्या भात आणि आमटी: आधी 128, नंतर 236, चढ 108. दुसऱ्या दिवशी आधी काकडीची कोशिंबीर, मग मुगाची उसळ आणि भाजी, शेवटी एकच वाटी भात: 132 वरून 179, चढ 47. भात बंद करावा लागला नाही. मला वाटायचं, ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते. दोन मोठ्या भाकऱ्यांनी चढ 90 च्या वर गेला तेव्हा हिने स्वतःहून भाकरी लहान थापायला घेतली, मी काही बोललो नव्हतो. रात्री जेवून माटुंग्याच्या पाच बागांना (फाइव्ह गार्डन्स) एक चक्कर मारली की तेच जेवण कमी चढतं, हेही वहीतच दिसलं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर श्रेय कशाचं ते कळणार नाही. माझे आकडे मात्र तुमचे धरू नका.

बहुतेक प्रौढांना जेवणाआधी 80 ते 130 आणि दोन तासांनी 180 च्या आत असं लक्ष्य देतात. वय झालेलं असेल, किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर ते बदलतात, म्हणून आपलं लक्ष्य विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. वही बघून स्वतःच गोळी कमी-जास्त करायची नाही. कारल्याच्या रसाचा एक मेसेज वाचून मी तीन आठवडे गोळ्या सोडल्या होत्या. त्या पानांकडे आजही बघवत नाही. जो मेसेज औषध सोडायला सांगतो तो पुसून टाका.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर हे पाठ करा: साखर 70 च्या खाली गेली किंवा घाम आला, हात थरथरले, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. लोकलने जाणाऱ्याने ग्लुकोज पावडरची पुडी शर्टाच्या खिशात ठेवावी. गर्दीत पाठीवरच्या बॅगेपर्यंत हात पोचत नाही.

वाचायचंच असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची आहार-मार्गदर्शिका संकेतस्थळावर फुकट मिळते. ती खास मधुमेहींसाठी नाही, पण ताटात काय किती असावं ते त्यात नीट दिलंय. माझ्या नातीने इंग्रजीतून वाचून दाखवली.

डॉक्टरांकडे जाताना वही न्या आणि सगळ्यात मोठा चढ असलेलं पान उघडूनच समोर ठेवा. एचबीए1सी हा रक्ततपासणीतला आकडा साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगतो, कुठलं जेवण नडलं ते सांगत नाही. मी पान पुढे केलं त्या दिवशी डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि रात्रीच्या गोळीची वेळ बदलून दिली.

गणपतीच्या पानाचा मथळा मी आत्ताच लिहून ठेवलाय: उकडीचा मोदक एक, त्या जेवणात भात नाही.